ती तसे म्हणाली होती, पण तेव्हा नव्हे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली 13 वर्षांची भाची नागपुरात झालेल्या एका गायन स्पर्धेच्या ऑडिशनमधून पुढच्या फेरीसाठी निवडली गेली. त्यानंतर आठवड्याभरात मुंबईहून तीन फोन आले आणि तिन्ही वेळा गाण्यापेक्षा तिच्या वडिलांविषयीच अधिक विचारणा झाली. ते गेल्या वर्षी वारले. आता त्या लोकांना घरी येऊन चित्रीकरण करायचे आहे. या कार्यक्रमांत सगळे आधीच लिहिलेले असते का, निकाल ठरलेला असतो का आणि या मंडळींना घरात येऊ द्यावे का, असे आपण विचारले आहे. मी मुंबईत 17 वर्षे अशा कार्यक्रमांवर काम केले, आधी संकलक म्हणून आणि पुढे स्टोरी प्रोड्यूसर, म्हणजे चित्रीकरणातून कथा जुळवणारा, म्हणून. आता नागपूरला परतलो आहे आणि त्या साखळीत माझे काही अडकलेले नाही, म्हणून जे पाहिले आणि जे स्वतः केले ते सांगतो.

संवाद सहसा लिहिलेले नसतात, प्रसंग मात्र रचलेले असतात, आणि या दोहोंमधल्या जागेत आमचा सारा व्यवसाय चालतो. पूर्व विदर्भातले खडी गंमत हे लोकनाट्य पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तिथे कथेचा सांगाडा ठरलेला असतो, कोण कोणानंतर येणार हे ठरलेले असते, बोलणे मात्र उभ्या उभ्या सुचलेले असते. म्हणून ते ताजे वाटते आणि तरीही कथा भरकटत नाही. रिअ‍ॅलिटी शोमध्ये हा सांगाडा सांभाळणाऱ्या मंडळींना सेटवर नुसते ‘क्रिएटिव्ह’ म्हणतात. सूत्रसंचालकाचे निवेदन, परीक्षकांच्या काही कोट्या, पाहुण्या कलाकाराचे ‘अचानक’ येणे हे सारे कागदावर असते. स्पर्धकाच्या हाती असा कागद क्वचितच पडतो, कारण न शिकवता हवे ते बोलतील अशीच माणसे आधी निवडून घेतलेली असतात.

म्हणून लेखन कुठे होते असे कोणी विचारले तर मी निवडीकडे बोट दाखवतो. गायनाच्या ऑडिशनमध्ये प्रसिद्ध परीक्षकांसमोर उभा राहणारा उमेदवार त्याआधी एक-दोन फेऱ्यांतून गेलेला असतो, आणि त्या फेऱ्या आमच्यासारखी माणसे घेतात. फार चांगले गाणारे पुढे जातात. फार वाईट, पण पूर्ण आत्मविश्वासाने गाणारे काही जणही मुद्दाम पुढे पाठवले जातात. बरे गाणारे मधले शेकडो जण दुपारपर्यंत घरी परततात. सगळ्यांकडून एक लांबलचक अर्ज भरून घेतला जातो. त्यात गाण्याविषयीचे प्रश्न पहिल्या पानावर संपतात आणि पुढची पाने घरात कमावते कोण, कर्ज आहे का, कोणाशी बोलणे बंद आहे, आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस कोणता, अशा प्रश्नांनी भरलेली असतात. आपल्याला आलेल्या फोनचा उगम त्या पानांत आहे. ज्या कार्यक्रमांत माणसे एका घरात कोंडली जातात तिथे तर निवड एकेकट्या माणसाची होतच नाही, जोड्यांची होते. टापटीप आवडणारी बाई निवडली की अंघोळीचा ओला टॉवेल पलंगावर टाकणारा माणूस शोधायचा. मग त्यांना भांडा असे सांगावे लागत नाही, शेजारचे पलंग दिले की पुरते.

या घरांच्या प्रकाराची सुरुवात नेदरलँड्समध्ये 1999 मध्ये ‘बिग ब्रदर’ने झाली. भारतात त्याचे हिंदी रूप ‘बिग बॉस’ 2006 मध्ये आणि मराठी रूप 2018 मध्ये आले. भाषा आणि माणसे बदलली, पण आतली यंत्रणा तीच राहिली आणि ती फार साधी आहे: घड्याळ नाही, फोन नाही, वर्तमानपत्र नाही, वेळ घालवायला काही नाही, आणि किराणा मोजून मिळतो. यात कोणतेही कारस्थान लागत नाही. नागपूर स्टेशनवर गाडी आठ तास उशिरा आहे असे कळल्यावर प्रतीक्षालयात काय होते ते आठवून पाहा. पहिले दोन तास लोक एकमेकांना चिवडा देतात, चौथ्या तासाला ओळखीपाळखी निघतात, सातव्या तासाला चार्जिंगच्या एकाच सॉकेटवरून सभ्य माणसांचे आवाज चढतात. त्यांना कोणी उचकवलेले नसते. सॉकेट एकच ठेवलेले असते, एवढेच. निर्माता सॉकेट मोजतो. साखर किती द्यायची, पलंग एक कमी ठेवायचा का, टास्क दुपारच्या जेवणाआधी घ्यायचा की नंतर, हे निर्णय कंट्रोल रूममध्ये पूर्ण विचार करून घेतले जातात, आणि नंतर जे घडते ते अस्सलच असते. भूक खरी असते, चिडचिड खरी असते, डोळ्यांतले पाणीही खरेच असते.

यापुढचे साधन म्हणजे बाइट, अर्थात स्पर्धक एकटा बसून कॅमेऱ्याशी बोलतो तो भाग. प्रेक्षकांना ते स्वगत वाटते, प्रत्यक्षात ती मुलाखत असते आणि मुलाखतकार कापून टाकलेला असतो. म्हणून स्पर्धकाला पहिल्याच दिवशी शिकवले जाते की उत्तर देताना प्रश्न त्यात सामावून घ्या. “हो, वाटते” असे म्हणू नका, “मला वाटते की अमुक माणूस स्वार्थी आहे” असे पूर्ण वाक्य म्हणा. ‘स्वार्थी’ हा शब्द स्पर्धकाचा नव्हता, तो प्रश्नातून आला होता, हे पडद्यावर कधीच दिसत नाही. काही कार्यक्रमांत सगळ्या बाइटसाठी कपडे एकच ठेवायला सांगतात. कारण सांगितले जाते की दृश्य एकसारखे दिसावे. ते खोटे नाही, पण त्यामुळे सोमवारचे वाक्य गुरुवारच्या भांडणावर चिकटवता येते हाही त्याचा मोठा लाभ असतो. मी स्वतः शेकडो बाइट घेतले आहेत. त्यातला सर्वांत परिणामकारक प्रश्न कोणता असे विचाराल, तर तो प्रश्नच नाही. उत्तर संपल्यावर दहा-पंधरा सेकंद काहीच बोलायचे नाही आणि चेहऱ्यावर सहानुभूती ठेवून पाहत राहायचे. ती शांतता समोरच्याला सोसवत नाही, आणि जे बोलायचे नाही असे ठरवलेले असते तेच तो बोलून बसतो.

मग येते संकलन. केबल नियमांनुसार तासाभरात 12 मिनिटांपर्यंत जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या जाहिराती दाखवता येतात, म्हणजे एका तासाच्या भागात 48 मिनिटे उरतात. त्यातून ‘आतापर्यंत आपण पाहिले’ आणि प्रत्येक ब्रेकच्या आधीची उत्सुकता वजा केली की कथेला चाळीसच्या आसपास. दुसऱ्या बाजूला अनेक कॅमेरे दिवसभर, घरांच्या कार्यक्रमांत तर रात्रभरही, चालू असतात. लॉगर नावाची तरुण मुले पाळीपाळीने पडद्यासमोर बसून कोण, कुठे, काय, किती वाजता याची नोंद करत राहतात, आणि स्टोरी प्रोड्यूसर त्या नोंदींतून कथा उचलतो. अमेरिकेत 1973 मध्ये ‘अ‍ॅन अमेरिकन फॅमिली’ ही मालिका दाखवली गेली होती. कॅलिफोर्नियातल्या एका कुटुंबाचे सुमारे 300 तासांचे चित्रीकरण करून त्यातून 12 भाग निघाले. ते कुटुंब नंतर तक्रार करू लागले की आम्ही असे नाही, आमचे हसणे-खेळणे वगळून दुःखच तेवढे ठेवले. त्यात कुणी अभिनय केला नव्हता, कुणी खोटे बोलले नव्हते. गाळलेल्या तासांविषयीची तक्रार या व्यवसायात इतकी जुनी आहे, आणि तिला अजून कुणाकडे चांगले उत्तर नाही.

माझ्यापाशीही नव्हते. कारकिर्दीच्या सहाव्या-सातव्या वर्षी मी एका कार्यक्रमात वर्ध्याच्या एका मुलीची कथा सांभाळत होतो. एका भागात दोन स्पर्धकांच्या भांडणाला जोर येईना, म्हणून तिने चार दिवस आधी स्वयंपाकघरात कंटाळून उच्चारलेले “मला आता या माणसांचा वीट आलाय” हे वाक्य मी उचलले आणि तिची मैत्रीण स्पर्धेतून बाहेर पडताना रडत होती त्या दृश्यावर ठेवले. मूळ प्रसंगात ती शेगडीवर उतू गेलेल्या दुधाकडे पाहत होती. मी तिचे डोळे रडणाऱ्या मैत्रिणीकडे वळवले, म्हणजे फक्त पुढचा शॉट बदलला. भाग चांगला चालला. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन कार्यालयात आला आणि दुर्दैवाने तो माझ्याकडे जोडला गेला. बाई मुळीच ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “ती असं म्हणालीच नाही, असं मी म्हणत नाही जी. पण ती तेव्हा म्हणाली नव्हती.” कार्यक्रम पाहून इतके अचूक परीक्षण करणारा समीक्षक मला पुढे भेटला नाही. आमच्या खोटेपणाची व्याख्या त्या एका वाक्यात पूर्ण होते: शब्द खरे, आवाज खरा, चेहरा खरा आणि जागा खोटी. याहून एक पायरी पुढे जाऊन दोन वेगळ्या वाक्यांचे तुकडे जोडून तिसरेच वाक्य तयार करणारेही असतात. त्याची एक खूण सांगून ठेवतो. वाक्य चालू असताना बोलणाऱ्याचा चेहरा सोडून कॅमेरा अकारण भिंत, झाड किंवा दुसऱ्याचे तोंड दाखवू लागला, तर तिथे बहुधा सांधा असतो.

नाट्य रचले जाते हे लोकांना ठाऊक असते. अस्सलपणाही तितक्याच मेहनतीने रचला जातो हे सहसा लक्षात येत नाही. प्रत्येक स्पर्धकाची ओळख करून देणारी दोन-तीन मिनिटांची फिल्म असते, तिला आम्ही एव्ही म्हणतो. मानेवाड्यातल्या एका मुलाच्या एव्हीसाठी मी जुलै महिन्यात नागपूरला आलो होतो. वडील सरकारी कार्यालयात लिपिक, घर दुसऱ्या मजल्यावरचे, मुलगा क्लासला स्कूटीने जाणारा. मुंबईहून निरोप आला की नागपूरचा मुलगा आहे तर संत्र्याच्या बागेत गाताना दाखवा. त्यांच्या सात पिढ्यांत कुणाची बाग नव्हती. शेवटी काटोलकडे ओळखीतल्या ओळखीत एक बाग मिळवली, पण जुलैत झाडावर पिकलेले संत्रे कुठून असणार? अंबिया बहाराची फळे तेव्हा हिरवीच असतात. आमच्यातल्या एका हुशार सहाय्यकाने बाजारातून संत्री आणून फांद्यांना बांधण्याची सूचना केली आणि बागेच्या मालकाने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी अजून विसरलेलो नाही. फळे बांधली नाहीत, मुलगा मात्र बागेत गायला. पुढे त्याच्या बोलीवर काम झाले. तो घरी मित्रांशी “जाऊन राहिलो”, “करून राहिलो” असे बोलत असे आणि मोठ्या माणसांसमोर पुस्तकी मराठी बोलत असे, जसे आपण सगळेच बोलतो. त्याला प्रत्येक वाक्यात “करून राहिलो” आणायला सांगितले गेले. महिनाभरात तो स्वतःची नक्कल करू लागला, आणि प्रेक्षक म्हणू लागले की पोरगा किती साधा, किती खरा आहे.

याचा अर्थ गावाची ओळख दाखवणे वाईट, असे मला म्हणायचे नाही. ‘सा रे ग म प’च्या लिटिल चॅम्प्समध्ये आळंदीची कार्तिकी, अलिबागची मुग्धा, लातूरचा रोहित अशी नावे गावांसकट महाराष्ट्राच्या तोंडी बसली, कारण गाव आणि गाणे या दोन्ही गोष्टी त्या मुलांच्या स्वतःच्या होत्या. बाग उसनी आणावी लागते तिथे गोष्ट बिघडते.

आता निकालाविषयी. अमेरिकेत 1950च्या दशकात ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजूषेत स्पर्धकांना उत्तरे आधी पुरवल्याचे उघड झाले. 1956 मध्ये हरबर्ट स्टेम्पेल यांना ठरवून हरायला लावले आणि चार्ल्स व्हॅन डोरेन यांना जिंकू दिले गेले; 1959 मध्ये व्हॅन डोरेन यांनी तिथल्या संसदेच्या समितीपुढे कबुली दिली आणि पुढच्याच वर्षी अशा स्पर्धांत फसवणूक करणे तिथे कायद्याने गुन्हा ठरले. तेव्हापासून या व्यवसायातल्या शहाण्या माणसांनी एक धडा घेतला आहे की निकालाला हात लावू नये, आणि खरे सांगायचे तर लावावा लागतही नाही. कोणाला कोणते गाणे मिळते, त्याची पट्टी त्याच्या गळ्याला सोयीची आहे का, वाद्यवृंदाबरोबर त्याला किती वेळ सराव मिळतो, तो दुसऱ्या क्रमांकावर गातो की सर्वांत शेवटी, त्याची एव्ही 40 सेकंदांची की 3 मिनिटांची, यावर प्रेक्षकांचे मत पुष्कळसे घडून जाते. मतदान प्रामाणिकपणे मोजले तरी मतदाराला काय दाखवायचे हे आधीच ठरलेले असते. गाण्याच्या कार्यक्रमात आणखी एक गंमत असते. परीक्षक सेटवर स्पर्धकाचा कच्चा आवाज ऐकतात. आपण घरी ऐकतो तो मिक्सिंग होऊन आलेला असतो आणि त्यात ढळलेला सूर जागेवर आणता येतो. मग परीक्षक म्हणतात अंतऱ्यात सूर गेला, घरोघरी लोक म्हणतात कुठे गेला, छानच तर गायली, आणि बिचाऱ्या परीक्षकावर पक्षपाताचा आरोप येतो. मी एका ज्येष्ठ गायकाला या कारणासाठी समाजमाध्यमांवर शिव्या खाताना पाहिले आहे. ते शंभर टक्के बरोबर होते.

आपल्या भाचीचे वय लक्षात घेता कायद्याचा भाग नीट समजून घ्यावा. 14 वर्षांखालील बालकलाकारांसाठी बालमजुरीविषयक कायद्यात 2016 मध्ये आणि त्याच्या नियमांत 2017 मध्ये बदल झाले. त्यांनुसार दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त थांबवता येत नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि मुलाच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. निर्मितीसंस्थेला याविषयी विचारताना संकोच करू नये. चांगली संस्था कागद लगेच दाखवते. जिथे “ते आम्ही बघून घेऊ, ताई” असे उत्तर येते तिथे आणखी एकदा विचारावे आणि या वेळी लेखी विचारावे. मेकअपसाठी बसवून ठेवलेला वेळही कामातच धरला जावा, हे आधी बोलून घ्यावे, कारण सेटवरचा बहुतेक वेळ वाट पाहण्यातच जातो. मी पाहिलेल्या जवळजवळ सर्व करारांत चित्रीकरण कसे कापायचे, कशाच्या पुढे काय ठेवायचे याचा पूर्ण अधिकार निर्मात्याकडे असतो. ते कलम सहसा बदलत नाही. त्यामुळे जे चित्रित झाले आहे त्यावर आपला ताबा नसतो, जे चित्रित होऊ दिले नाही त्यावरच असतो.

त्यामुळे घरात येऊ द्यावे का, याचे माझे उत्तर असे. येऊ द्यावे, पण आधी घरातल्या सर्वांनी, मुलीने आणि तिच्या आईने विशेषतः, एकत्र बसून ठरवावे की कोणत्या गोष्टी दाखवायच्या नाहीत. फोनवरचे प्रश्न पाहता त्यांच्या मनातले दृश्य मला जवळपास दिसते आहे: वडिलांच्या हार घातलेल्या फोटोसमोर मुलगी गाते, कॅमेरा हळूच आईच्या चेहऱ्यावर जातो. हे दृश्य मी वेगवेगळ्या घरांत पाच-सहा वेळा घेतले आहे. दरवेळी आई खरोखर रडली आहे, आणि दरवेळी दुसरा टेक घेतला गेला आहे, कारण पहिल्या वेळी आवाजात काहीतरी आले होते किंवा प्रकाश बरोबर नव्हता. फोटो दुसऱ्या खोलीत ठेवावा. वडिलांविषयी विचारले तर मुलीने तिला सुचेल तसे एक पूर्ण वाक्य सांगावे, जसे की त्यांनी तिला पहिले गाणे कोणते शिकवले, आणि तिथे थांबावे. त्यानंतर समोरचा माणूस काही न बोलता सहानुभूतीने पाहत राहील, तेव्हा ती शांतता भरून काढण्याची जबाबदारी तिची नाही, हे तिला आधी सांगून ठेवावे. हवे तर घरी दोनदा सराव करून घ्यावा, मुलांना त्यात मजा वाटते. चित्रीकरणाच्या वेळी आपण स्वतः त्याच खोलीत बसावे, चहा करायला आत जाऊ नये.

असे केल्याने निवडीवर परिणाम होईल का, ही आपली भीती मला कळते आणि तिला मी खोटा दिलासा देणार नाही. होऊ शकतो. ज्या मुलीच्या घरून दुःख मिळाले नाही तिची एव्ही 40 सेकंदांची होते, आणि 40 सेकंदांच्या मुलीला पुढे पुढे न्यायला गळाच लागतो. असा गळा असलेल्या दोघी-तिघी त्या 40 सेकंदांवर शेवटच्या फेरीपर्यंत गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच घरी परतलेल्या त्याहून जास्त पाहिल्या आहेत. परतलेल्यांपैकी एक जण आता सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहात कार्यक्रम करते. तिथे तिला कोणी वडिलांविषयी विचारत नाही, फक्त मध्यंतरात कोणीतरी चिठ्ठी पाठवून गाण्याची फर्माईश करतो.